एका जादा पोराचे दोनशे रुपये

परवा सकाळी पावणेसातला, पाऊस नुसता कोसळत असताना, मारुती मंदिरच्या चौकात एक रिक्षा आमच्यासमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर पाच पोरे, त्यांच्यासमोर आडव्या टाकलेल्या फळीवर तीन, चालकाच्या दोन्ही अंगांना एकेक. पडद्याबाहेर एक चिमुकला बूट लोंबकळत भिजत होता. परवाना तिघांचा! शेजारून शिक्षक गेले, पालक गेले, हवालदार गेला आणि खरे सांगायचे तर आम्हीही गेलो. रोजचेच दृश्य, त्यात थांबून पाहायचे काय?

या दृश्याचा दर कायद्याने ठरवून दिलेला आहे. 2019 साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यानुसार परवान्यापेक्षा जादा बसवलेल्या प्रवाशामागे दंड 200 रुपये. आणि ट्रकात जादा माल भरला तर? 20,000 रुपये, वर जादा टनामागे आणखी 2,000. चिरे जादा भरले तर रस्ता खचतो, पोरे जादा कोंबली तर काहीच खचत नाही, असा हा हिशेब! जांभ्याच्या दगडाची जेवढी काळजी, तेवढीही आपल्या पोटच्या पोराची नसावी? त्या 200 रुपयांच्या कलमाला एक शेपूट आहे: जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय लागेपर्यंत गाडी जागची हलू द्यायची नाही. हे शेपूट एक दिवस इमानाने पाळले, तर किती वर्गांत पहिल्या तासाला हजेरी घ्यायला मुले उरतील, हे वाचकांनीच ठरवावे.

रिक्षाकाकांवर तुटून पडणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत भेकडपणाचे. बँकेचा हप्ता त्याच्या मानेवर, आणि कोणत्या पोराची आई कामावरून उशिरा येते हे त्यालाच ठाऊक. तीन पोरांच्या भाड्यात त्याचे घर चालत नाही हे पालक जाणतात, आणि महिन्याला दोनशे कमी घेणारा दुसरा रिक्षावाला शोधायला पुन्हा तेच पालक निघतात. स्वतःच्या मोबाइलला काचेचे कवच घालणारा बाप पोराला फळीवर बसवून निर्धास्त चहा पितो!

पण खरे गुन्हेगार शाळेच्या कार्यालयात बसतात. महाराष्ट्रात स्कूलबसची नियमावली 2011 पासून लागू आहे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, तीत पालक, पोलीस, आरटीओ यांचे प्रतिनिधी हवेत. गाडीला वेगनियंत्रक हवा, मुली असतील तर महिला सेविका हवी. आमचा साधा सवाल आहे: तुमच्या शाळेच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली? स्नेहसंमेलनाच्या पडद्याचा रंग ठरवायला तीन-तीन बैठका होतात, आणि पोरांच्या जिवासाठी एक नाही? ‘गाडी आमची नाही, ठेकेदाराची आहे’ हे उत्तर आम्हाला पाठ आहे. देणगी घेताना पोर तुमचे, गाडीत बसले की ठेकेदाराचे?

11 एप्रिल 2024. हरयाणातल्या महेंद्रगड जिल्ह्यात कनीनाजवळ स्कूलबस उलटली आणि सहा मुले गेली. ईदची सुट्टी असूनही शाळा भरवली होती. चालक दारू प्यायलेला. बसच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत 2018 मध्येच संपलेली. आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढेच आहे. चालकाची अवस्था पाहून वाटेतल्या गावकऱ्यांनी बसची किल्ली काढून घेतली होती, शाळेला कळवलेही होते, आणि शाळेच्या सांगण्यावरूनच किल्ली परत दिली गेली, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. अडाणी म्हणून हिणवलेली माणसे शहाणी ठरली आणि शाळा चालवणारे...! इथे शब्द आवरतो.

हरयाणा लांब आहे म्हणणाऱ्यांनी खेडला जावे. 19 मार्च 2013 रोजी जगबुडीच्या पुलावरून खासगी बस नदीत कोसळून 37 माणसे गेली. दापोलीला जावे. 28 जुलै 2018 रोजी कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात गेली, तीस घरे बसली. आमचे घाट, आमचा पाऊस आणि वर्षानुवर्षे खणलेला मुंबई-गोवा महामार्ग पोरांची गाडी म्हणून सवलत देत नाहीत.

धोका गाडीच्या आतच असतो असेही नाही. पहिलीतले पोर उतरून बसच्या नाकासमोरून धावते, तेव्हा उंच बसलेल्या चालकाला ते दिसतच नाही. म्हणून सेविकेने खाली उतरायचे, हात धरायचा, रस्ता ओलांडून द्यायचा. अमेरिकेत पिवळ्या बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की साध्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहने थांबतात. आपल्याकडे मागचा हॉर्न बडवतो.

आणि गावातल्या पोरांचे काय? त्यांची स्कूलबस म्हणजे एसटी. सकाळची फेरी रद्द झाली की ती वडापच्या मागच्या पायरीवर लटकतात. फेरी रद्द करणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा त्या पायरीवरून प्रवास करून दाखवावा!

पालकहो, येत्या सोमवारी शाळेत जा. परिवहन समितीचे इतिवृत्त मागा, गाडीचे योग्यता प्रमाणपत्र मागा, चालकाचा परवाना मागा. ‘सर बाहेर गेलेत’ असे उत्तर आले, तर तिथल्या बाकावर बसून राहा. सर येतात.