किनारा पाहणाऱ्यांचा की किनाऱ्यावर राबणाऱ्यांचा?

मुंबईत अलीकडे ‘वारसा पदभ्रमंती’ चांगलीच रूढ झाली आहे. रविवारी सकाळी मार्गदर्शकाच्या मागोमाग पंधरा-वीस मंडळी वांद्र्याच्या समुद्रकाठाने चालू लागतात. खारदांड्याहून निघून कार्टर रोड, जॉगर्स पार्क, सेंट अँड्र्यूज चर्च आणि बँडस्टँड ओलांडायचे, डोंगरावरच्या मोत माउलीचे दर्शन घ्यायचे आणि भूमीच्या टोकावरील पोर्तुगीज किल्ल्यात विसावायचे, असा हा मार्ग. आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतीही त्यात हौसेने सामील होतात. ह्या उपक्रमाला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो त्यातील अर्ध्या नजरेला.

हा किनारा आपोआप चालण्याजोगा झालेला नाही, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. हॉकी प्रशिक्षक ऑलिव्हर अँड्राडे ह्यांच्या पुढाकाराने 1990 साली जॉगर्स पार्क साकारले. कार्टर रोड व बँडस्टँडच्या पदपथांसाठीही स्थानिक रहिवाशांनी कष्ट उपसले. दाटीवाटीच्या ह्या शहरात म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकराबाळांना मोकळा वारा मिळाला, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु ह्या वाटेवर मार्गदर्शक काय दाखवतो आणि काय वगळतो, हे जरा पाहावे. सेंट अँड्र्यूज चर्चसमोर तो थांबतो, 1575 हे साल आणि येशूसंघीयांचे नाव सांगतो. किल्ल्यावर 1640 हे साल सांगतो. गावठाणातील क्रूसांपाशी 1896 च्या प्लेगची आठवण काढतो. हे सारे योग्यच आहे. मात्र चर्चला लागूनच चिंबईचा कोळीवाडा आहे. तेथे होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, जाळी विणली जात असतात. तेथून मंडळी नाकाला रुमाल लावून झपाझप पुढे जातात. फार तर एखाद्या रंगीत होडीचे छायाचित्र टिपले जाते. पुढे बँडस्टँडला एका नटाच्या बंगल्यासमोर गर्दी तिष्ठत उभी असते, तीही समुद्राकडे पाठ करून! दगडांना साल आहे, बंगल्याला नाव आहे. जाळे विणणाऱ्या माणसाला मात्र ना साल, ना नाव. ह्याला वारसा म्हणायचे काय?

वास्तविक ह्या वाटेवरील पवित्र स्थळांचे कोळी समाजाशी जुने नाते आहे. मोत माउलीची मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली, अशी परंपरा आपण श्रद्धेने सांगतो. सप्टेंबरातील जत्रेला कोळी भगिनी आजही भक्तिभावाने येतात. ज्या संत अंद्रियाच्या नावाने ते चर्च उभे आहे, तो स्वतः मच्छीमार होता. गालील समुद्राच्या काठाने प्रभू येशूही चालला. पण तो प्रेक्षक म्हणून चालला नाही. जाळी टाकणाऱ्यांपाशी तो थांबला, त्यांना हाक मारली, त्यांच्या होडीत बसला. किनाऱ्यावरून चालावे कसे, ह्याचा ख्रिस्ती माणसाला ह्याहून वेगळा धडा कोणता हवा?

काहीजण म्हणतील, ‘किनारा सर्वांचा आहे, होड्या आणि सुकत घातलेली मासळी ह्यांनी त्याची शोभा जाते.’ किनारा सर्वांचा आहे, हे आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. पण ‘सर्वांचा’ ह्या शब्दात सर्वांत आधी तेथे असलेले लोक येत नाहीत काय? दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले आणि रम्य स्थळे मूठभरांपुरती बंदिस्त होत असल्याबद्दल खेद व्यक्त केला. सामायिक घरातून राबणाऱ्यालाच बाहेर काढणे, ह्याला सुशोभीकरण म्हणता येत नाही. देशाच्या कायद्यानेही हे थोडेफार ओळखले आहे. किनाऱ्याच्या रक्षणासाठी 1991 साली नियमावली आली आणि 2011 च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा स्वतंत्र विचार झाला. मात्र कागदावरचे संरक्षण शेजाऱ्यांच्या पाठिंब्यावाचून लंगडेच राहते.

वांद्र्याच्या किल्ल्यावरून 2009 साली खुला झालेला वरळीचा सागरी सेतू दिसतो. पाहणाऱ्याला तो देखणा वाटतो. पलीकडच्या वरळी कोळीवाड्याला मात्र 2018 पासून सुरू झालेल्या सागरी किनारा मार्गाच्या कामात आपल्या होड्यांच्या वाटेसाठी झगडावे लागले. पुलाच्या खांबांतील अंतर 60 मीटरहून अधिक असावे, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य होण्यासाठी त्यांना काम रोखून धरावे लागले. अशा वेळी आपल्यापैकी किती जणांनी त्यांची विचारपूस केली?

‘धर्मगुरूंनी वेदीपाशी राहावे, किनाऱ्याच्या भानगडीत पडू नये,’ असा सल्लाही आम्हांला मिळतो. पण वेदीवर अर्पण होणारी भाकर ही मानवी श्रमाचे फळ आहे, असे आपण दर मिस्साबलिदानात म्हणतो. मग त्या श्रमाकडे पाठ फिरवून वेदीपाशी उभे राहावे तरी कोणत्या तोंडाने?

म्हणून धर्मग्रामांच्या युवक मंडळांना आमचे सांगणे आहे. पदभ्रमंती अवश्य करा. पण पुढच्या खेपेस मार्गदर्शक म्हणून चिंबईच्या किंवा खारदांड्याच्या एखाद्या वृद्ध कोळी बांधवाला, एखाद्या मावशीला मानाने बोलवा आणि त्यांच्या वेळेचे योग्य मानधन द्या. वारा कसा फिरतो, मासळी का घटली, होडी लावायला जागा का उरली नाही, हे त्यांच्या तोंडून ऐका. छायाचित्र काढण्यापूर्वी नाव विचारा. परतताना मासळी घ्याल, तेव्हा मावशीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि उद्या कोळीवाड्याच्या जागेसंबंधी हरकती-सूचना मागवल्या गेल्या, तर आपल्या धर्मग्रामाचेही पत्र त्यांत असू द्या.