शेगडी उंबऱ्याबाहेर ठेवा



आपल्या यवतमाळ जिल्ह्याची ओळख उन्हाळ्याची. मे महिन्यातल्या उन्हाची तयारी आपण फाल्गुनापासून करतो. थंडीची मात्र आपण काहीच तयारी करीत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरला, की कापूस वेचून आलेल्या बाया चुलीपुढून उठत नाहीत आणि म्हातारी माणसे दिवसभर उन्हाच्या तुकड्यामागे बाज सरकवीत बसतात. रात्र झाली, की घरोघरी एकच उपाय होतो. चुलीतले निखारे घमेल्यात काढायचे, घमेले खोलीत ठेवायचे आणि दार-खिडक्या लावून झोपायचे. या उपायाविषयी आज लिहायचे आहे. कारण त्याने गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातली तीन माणसे जवळजवळ नेली होती.

माझी पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. आठवा दिवस होता. मी शनिवारी संध्याकाळी बाळाला पाहायला गावी गेलो आणि जाताना भावाच्या सांगण्यावरून बाभळीची वाळलेली लाकडे घेऊन गेलो. थंडी फार होती. रात्री माझ्या मायने चुलीतले लाल निखारे शेगडीत भरले, वरून ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या आणि शेगडी बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवली. भावाला त्याच वर्षी घरकुल मिळाले होते. सिमेंटचा स्लॅब, लोखंडी दार, काचेच्या दोन खिडक्या. वारा येऊ नये म्हणून मायने खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि दाराच्या खाली वाकळ लावली. पुतणी, बाळ आणि माय त्या खोलीत झोपली. मी व भाऊ बाहेर ओसरीत.

झोपताना मी एकदा म्हणालो, "माय, धूर होईल." ती म्हणाली, "इंगळाले कुठचा धूर रे बाबू? लेकराले थंडी वाजते." तिचे म्हणणे मला पटले. खरोखरच धूर नव्हता. मीही पांघरूण घेऊन झोपलो.

पहाटे वहिनी पाणी तापवायला उठली. दार ठोठावले तर आतून कोणी ओ देईना. बाळ रात्रभर एकदाही रडले नव्हते आणि आम्ही ओसरीत पडल्या पडल्या "आज लेकरू शांत झोपलं" असे समाधान मानीत होतो! दाराची कडी आतून बाहेर ढकलून कशीबशी काढली. पुतणी अर्धवट शुद्धीत, तोंडावर उलटी. माय उठून बसू पाहत होती आणि डोके फुटते म्हणत होती. बाळ सैल पडले होते. शेजारच्या एक बाई धावत आल्या आणि बाळंतिणीला बाहेरचे लागले, लिंबू उतरवा, म्हणू लागल्या. दुसऱ्या कोणी कांदा फोडून नाकाला लावायला आणला. भावाने कोणाचे न ऐकता तिघांना अंगणात आणले आणि शेजाऱ्याच्या ऑटोत घालून ग्रामीण रुग्णालय गाठले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती काय?"

तिघींना ऑक्सिजन लावला. तिघी वाचल्या. बाळ आज एक वर्षाचे होऊन घरभर धावते आहे. पण ती लाकडे मीच नेली होती आणि "धूर नाही म्हणजे भीती नाही" हे मीच मान्य केले होते. दर रविवारी विहारात विज्ञाननिष्ठेवर बोलणारा मी माणूस! म्हणून ही गोष्ट लपवून न ठेवता लिहीत आहे.

डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते असे. लाकूड किंवा कोळसा जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. तो पुरेसा मिळाला नाही, की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. ज्वाळा विझून नुसते निखारे धुमसत राहतात, तेव्हा तो भरपूर निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन असते. हा वायू त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, अंग जड होते आणि झोप येते. माणसाला वाटते, ऊब लागली म्हणून डोळा लागला. त्या झोपेतून काही जण उठत नाहीत. लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारे माणूस आणि हृदयाचा रोगी यांना धोका सर्वांत जास्त.

धूर निदान जागे तरी करतो. निखारे जागे करीत नाहीत. ज्याला आपण "चांगला, बिनधुराचा विस्तव" म्हणतो तोच बंद खोलीत घातक ठरतो. वणीकडच्या कोळसापट्ट्यात काही घरी दगडी कोळशाची शेगडी पेटते. तिचीही गोष्ट हीच.

२०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपला जिल्हा देशभर गाजला. कितीतरी शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. विष तोंडानेच पोटात जावे लागत नाही, ते श्वासातून आणि कातडीतूनही जाते, हा धडा आपण तेव्हा फार मोठी किंमत देऊन शिकलो. शेतात शिकलेला तो धडा घरात विसरू नये.

रुग्णालयातून आल्यावर माय रडली आणि मग चिडून म्हणाली, "आमी पाच लेकरं शेगडीवर शेकून काढली. तवा कोणाले काई झालं नाई. आताच कसं झालं?" तिचा प्रश्न खोटा नाही. तो मी बरेच दिवस डोक्यात घोळवला आणि उत्तर आमच्या जुन्या घराच्या जागेवर उभा राहिल्यावर मिळाले. आमची पाच भावंडे जन्मली ते घर कुडाचे होते. वर कवेलू, कवेलूंच्या फटींतून चांदणे दिसायचे. कुडाच्या भिंतीतून वारा आत-बाहेर खेळायचा. दार म्हणजे तट्टा. त्या घरात थंडी शिरायची, पण वायूही निघून जायचा. तेव्हाही ते बिनधोक नव्हते. किती बाळंतिणी "वाऱ्यात गेल्या" आणि किती लेकरे "नजर लागून" गेली, त्यातली किती शेगडीने गेली, याची नोंद कोणी ठेवली? आता घर पक्के झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. गावकुसाबाहेरच्या झोपडीतून स्लॅबच्या घरात येण्यासाठी आपल्या दोन पिढ्या झिजल्या. पण घर बदलले आणि सवय झोपडीचीच राहिली. पक्क्या घरात हवेची वाट आपण आपल्या हाताने ठेवावी लागते.

आता तथागतांकडे वळू. थंडी, विस्तव आणि धूर यांचा विचार धम्मात आहे काय, असे कोणी विचारील. आहे आणि तो फार व्यवहारी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात कथा आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना तथागतांनी भिक्खूंना डोक्यावर, खांद्यावर चीवरांची गाठोडी वाहताना पाहिले. किती वस्त्रे पुरेत हे ठरवायला हवे होते. वैशालीच्या गोतमक चैत्यात ऐन हिवाळ्यात, दहिवर पडत असताना ते रात्री उघड्यावर एक चीवर पांघरून बसले. पहिला प्रहर संपताना थंडी वाजली, दुसरे घेतले. मधला प्रहर संपताना तिसरे. पहाटे चौथे. यावरून त्यांनी नियम केला, दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक. म्हणजे चार पदर. ऐकीव गोष्टीवर न जाता त्यांनी थंडी स्वतःच्या अंगावर मोजली आणि उपाय काढला तो पदरावर पदर घालण्याचा. अंग गरम ठेवा, थंडी भागते.

दुसरी कथा भग्ग देशातली. सुंसुमारगिरीजवळच्या भेसकळावनात हिवाळ्यात भिक्खूंनी एक मोठे पोकळ लाकूड पेटवून शेक घेतला. पोकळीत काळा साप होता. आच लागताच तो बाहेर पडला आणि भिक्खूंच्या मागे लागला. त्यावर ऊब घेण्यासाठी विस्तव पेटवू नये असा नियम झाला. पण पुढे आजाऱ्याला सूट मिळाली, दिव्याला आणि इतर योग्य कारणालाही मिळाली. नियम माणसासाठी असतो हे त्यातून दिसते. पऱ्हाटीच्या आणि तुऱ्हाटीच्या ढिगात हात घालण्याआधी काठी आपटावी, हे आपल्या बायकांना या कथेवाचूनही ठाऊक आहे!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चुल्लवग्गात भिक्खूंच्या जंताघराची, म्हणजे विस्तव पेटवून घाम काढण्याच्या खोलीची माहिती आहे. तिथे धूर कोंडून त्रास होऊ लागला, तेव्हा तथागतांनी धूमनेत्ताची, म्हणजे धुराड्याची अनुज्ञा दिली. खोली लहान असेल तर विस्तवाची जागा एका बाजूला करावी आणि मोठी असेल तर मधोमध, इथपर्यंत सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या शास्त्याने विस्तवाच्या खोलीला धुराडे दिले. आणि आपण आज सिमेंटच्या खोलीत विस्तव ठेवून फटी बुजवतो!

मग थंडीत करावे काय? घरात जे शक्य आहे तेच लिहितो.

पहिली गोष्ट, निजायच्या खोलीत शेगडी, घमेले, कोळसा काहीही नको. शेकायचे असेल तर ओसरीत किंवा अंगणात सर्वांनी मिळून शेकोटीला बसावे, अंग तापवावे आणि विस्तव पाण्याने पुरता विझवून मग आत जावे. राखेखाली निखारा जिवंत राहतो. शेकोटीत प्लास्टिक, टायर, औषधाचे रिकामे डबे टाकू नयेत. नायलॉनची साडी आणि शालीचा पदर सांभाळावा.

दुसरी, पदर वाढवावेत. एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन-तीन गोधड्या बऱ्या. थंडी खालूनही येते. जमिनीवर झोपणाऱ्याने आधी पोती किंवा चटई, तिच्यावर वाकळ घालावी. डोके आणि पाय झाकावेत. म्हाताऱ्यांच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवावी. बाळाच्या अंगाला ती लावू नये.

तिसरी, बाळाला ऊब आईची द्यावी. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून वरून पांघरूण घालण्याची पद्धत सुरू केली. तिला आज कांगारू मातृसेवा म्हणतात आणि जगभर ती मान्य आहे. बाळाला टोपडे, मोजे घालावेत, छातीशी धरावे, अंगावर पाजावे. याला लाकूड लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आपल्या गावच्या आशाताईंना विचारले तर त्या दाखवतील.

चौथी, चुलीची. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि घरोघरी सिलिंडर पोहोचले. पण ते पुन्हा भरायचे म्हणजे पैसे लागतात. म्हणून चहा गॅसवर आणि अंघोळीचे पाणी, भाकरी चुलीवर, असा संसार चालतो. त्यात बाईचा दोष नाही. पण घरातल्या जळणाच्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. तेव्हा घरकुल बांधताना चुलीच्या जागी वर झरोका आणि धुराडे यांसाठी गवंड्याजवळ हट्ट धरावा. पूर्वी सरकारी कार्यक्रमात निर्धूर चुली बसल्या, पण नळ्या काजळीने बुजल्या आणि कोणी साफ केल्या नाहीत. धुराडे महिन्यातून एकदा झाडावे, आणि हे काम घरातल्या पुरुषाने करावे. जळण कोरडे असावे. ओले लाकूड धूर जास्त देते आणि ऊब कमी.

आणि तरीही एखाद्या घरी अशी वेळ आलीच, तर आधी दार-खिडक्या सताड उघडा. माणसाला मोकळ्या हवेत आणा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्या आणि खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लिंबू, अंगारा, कांदा, चप्पल हुंगवणे यात एक मिनिटही घालवू नका. एकाच खोलीतल्या सगळ्यांचे एकदम डोके दुखू लागले, तर ती बाधा नव्हे, तो वायू आहे.

प्रत्येक विहारात थंडीच्या दिवसांत एका रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, अशी महिला मंडळांना आणि युवकांना माझी विनंती आहे. वीटभट्टीवर, बांधकामावर राहणाऱ्या आपल्या बांधवांपर्यंतही हे पोहोचवावे. त्यांच्या खोपटावर आता प्लास्टिकची ताडपत्री असते आणि तीही फटी बुजवते.

आमच्या गावात हे काम माझी माय करते. शाळेत न गेलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. कोणाच्या घरी बाळंतीण आली, की ती काठी टेकत जाते, आधी खिडकी उघडते आणि बाजेखाली वाकून पाहते. मग म्हणते, "घर पक्कं झालं, आता शेगडी बाहेर ठेवा बाई."

जयभीम!