सांडपाण्याचा गाळ आणि आमचीं शेतें

शहराचें सांडपाणी शुद्ध करतांना तळाशीं जो गाळ बसतो, तो वाळवून शेतांत घालावा कीं नाहीं, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यांतील कास्तकारासही आतां टाळतां येणार नाहीं. नागपुरास भांडेवाडीचें शुद्धीकरण केंद्र चालूच आहे. जेथें पाणी शुद्ध होईल तेथें गाळ सांठणार, व सांठलेल्या गाळास शेताचीच वाट दाखविली जाणार.

गाळाचा तिरस्कार आम्हीं करीत नाहीं. सोनखताची योग्यता या जिल्ह्यास कोणीं शिकवावी असें नाहीं. सेवाग्रामास गांधीजींनीं मैल्याचें खत करण्याचा आग्रह धरला, आणि कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं त्याकरितां गोपुरी संडास बांधून दाखविला. परंतु तें सोनखत घरच्या माणसांचें असे. शहरच्या गटारांत कारखान्याचें, इस्पितळाचें, मोटारी धुण्याचें, सारेंच पाणी एकत्र येतें.

त्याबरोबर येणारीं कांहीं विषें अशीं आहेत कीं तीं सहजीं कुजत नाहींत. डीडीटी, एंड्रिन, बीएचसी हीं नांवें कपाशीच्या मुलखांतील वृद्ध कास्तकारांस पाठ आहेत. शेतीकरितां डीडीटी १९८९ सालीं बंद झालें, एंड्रिन १९९० सालीं, बीएचसी १९९७ सालीं. तथापि बंदी कागदावर एका दिवसांत लागू होते, मातींत नाहीं. यांखेरीज जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या तेलांतील पीसीबी, कचरा जाळतांना उत्पन्न होणारें डायॉक्सिन, आणि आग विझविण्याच्या फेसांत वापरलेलीं फ्लोरिनचीं कांहीं संयुगें. यांतील बहुतेक विषें पाण्यांत विरघळत नाहींत, चरबींत विरघळतात. म्हणून टांकींत तीं पाणी सोडून गाळास चिकटतात. पुढें तोच गाळ चराऊ रानांत पडला, कीं गवताबरोबर माती खाणाऱ्या गाईच्या दुधांतील स्निग्धांशांत तीं उतरतात. गवळाऊ गाईंच्या जिल्ह्यानें ही गोष्ट हलकी मानूं नये.

आमची तक्रार परीक्षेविषयीं आहे. मृद् आरोग्य पत्रिकेंत बारा बाबी असतात; त्यांत या विषांचें नांव नाहीं. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत शहरी कंपोस्टाकरितां किलोमागें कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसें १०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत, त्या योग्यच. परंतु तेथेंही या विषांचा रकाना नाहीं. आमची हयात सातबाऱ्यांत गेली. पीक कोणतें घेतलें हें त्यांत लिहितात, जमिनींत काय ओतलें हें कोणी लिहीत नाहीं! जर्मनीनें १९९२ सालींच गाळांतील डायॉक्सिनास किलोमागें १०० नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेंतील मेन राज्यांत गाळ घातलेल्या शेतांवरील दुधांत व विहिरींत फ्लोरिनचीं संयुगें सांपडलीं, तेव्हां २०२२ सालीं त्या राज्यानें गाळ शेतांत घालणेंच बंद केलें.

आपल्याकडे साधन नाहीं असें कोणीं म्हणूं नये. या विषांसंबंधींच्या स्टॉकहोम करारास हिंदुस्थानानें २००६ सालीं मान्यता दिली, व त्या कराराचें प्रादेशिक केंद्र नागपूरच्या नीरी संस्थेंत आहे. म्हणजे वर्ध्याहून सकाळच्या गाडीनें जाऊन संध्याकाळीं परत येण्याइतकें जवळ. परीक्षा महाग आहे हें खरें, डायॉक्सिनाची तर फारच. पण तो खर्च गाळ उत्पन्न करणाऱ्या नगरपालिकेनें सोसावा. फुकट मिळणाऱ्या खताची किंमत कास्तकाराच्या जमिनीनें कां भरावी? नमुना ढिगाच्या एकाच कडेचा नको. दहाबारा ठिकाणचा गाळ मिसळून त्यांतून घ्यावा, काचेच्या स्वच्छ बाटलींत भरून थंड ठेवावा. फ्लोरिनच्या संयुगांकरितां मात्र निराळी बाटली लागते, ती प्रयोगशाळेस आधीं विचारून घ्यावी.

प्रत्येक ढिगाबरोबर परीक्षेची चिठ्ठी मिळेपर्यंत आमच्या सभासदांनीं भाजीच्या वाफ्यांत किंवा वैरणीच्या शेतांत गाळाची एकही गाडी उतरूं देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. संघानें तसें पत्र नगरपालिकांस मृगापूर्वीं पाठवावें, कारण खताच्या गाड्या त्याच सुमारास शेतावर जातात.