विश्लेषण : गाडीचे शॉकअप घरीच बदलावेत का? हो, पण स्प्रिंगपाशी थांबून

केडगावहून सुप्याच्या एमआयडीसीत रोज ये-जा करणाऱ्या मोटारीच्या मालकाला इंजिन ऑइल कधी बदलायचे ते पाठ असते. टायरमधली हवाही तो पंपावर तपासून घेतो. शॉकअपकडे मात्र गाडी खडखडू लागेपर्यंत लक्ष जात नाही. मग गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ‘हे घरीच करू’ असा विचार येतो. मोबाइलवर तशा व्हिडीओंची कमतरता नाही. नागापूर किंवा सुप्याच्या कारखान्यात पाना हातात घेऊनच दिवस काढणाऱ्यांना तर हे काम अवघड वाटतच नाही. त्यात चूकही काही नाही. पण या कामात एक रेषा आहे. तिच्या अलीकडे मालकाने जरूर काम करावे. तिच्या पलीकडे घरगुती जुगाड जिवावर बेतू शकतो.

शॉकअप नेमके काय करतो?

गाडीचे वजन शॉकअप पेलतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यातून चाक गेले की स्प्रिंग दबते आणि पुन्हा उसळते. तिला कुणी आवरले नाही, तर गाडी बराच वेळ वर-खाली होत राहील. तिला आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलात पिस्टन फिरतो. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल जोराने ढकलले जाते, तेव्हा उसळीतील ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यानंतर शॉकअप हाताला गरम लागतो. तेलाला फेस येऊ नये यासाठी अनेक शॉकअपमध्ये नायट्रोजन वायू भरलेला असतो.

त्यामुळे शॉकअप खराब होणे म्हणजे केवळ ‘गाडी आदळते’ एवढेच नाही. चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, हा खरा धोका आहे. चाक हवेत असताना ब्रेकला पकड मिळत नाही. एबीएस असले तरी ते रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढीच वापरू शकते. नेप्ती उपबाजाराकडे कांदा घेऊन निघालेला टेम्पो बायपासवर अचानक आडवा आला, तर गाडी थांबायला लागणारे जास्तीचे काही फूट निर्णायक ठरतात.

शॉकअप आणि स्ट्रट यांत फरक काय?

गॅरेजमध्ये दोन्हींना ‘शॉकअप’च म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो. अनेक लहान मोटारींमध्ये मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. पुढे मात्र शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते. हा स्ट्रट. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये तो वापरला गेला. जागा कमी लागते आणि सुटे भाग कमी असतात, म्हणून तो जगभर पसरला. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही पुढे हीच रचना होती.

फरक लक्षात ठेवायचा तो असा : वेगळा शॉकअप काढताना स्प्रिंग सोडवावी लागत नाही, स्ट्रटमधला शॉकअप बदलायचा तर ती सोडवावीच लागते. घरी काय करावे आणि काय करू नये, याचे उत्तर या एका फरकात आहे.

खराब झाल्याचे कसे ओळखायचे?

शॉकअप एका दिवसात खराब होत नाही. तो हळूहळू सैल पडतो आणि चालकाला त्याची सवय होत जाते. म्हणून मुद्दाम तपासणी करावी लागते. पुढील खुणा पाहाव्यात.

• शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेले असणे. धुळीचा हलका, ओलसर थर ही चिंतेची बाब नाही, पण ओघळ दिसला तर सील गेले असे समजावे.
• टायरवर हात फिरवल्यावर ठिकठिकाणी खड्डे-उंचवटे जाणवणे.
• ब्रेक मारताच गाडीचे नाक जास्तच खाली जाणे, वळणावर गाडी एका बाजूला कलणे.
• गतिरोधक ओलांडल्यावरही गाडी डोलत राहणे.

बोनेट हाताने दाबून सोडण्याची चाचणी सगळ्यांना माहीत आहे. पण ती पूर्ण निकामी झालेला शॉकअपच पकडते, निम्मा थकलेला नाही. उलट खडखड आवाज आला की शॉकअपच गेला, असेही नसते. वरचे माउंटिंग, स्टॅबिलायझर लिंक किंवा बुश यांपैकी काहीही वाजत असू शकते. आवाजाचे मूळ न शोधता चारही शॉकअप बदलले, की पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

गाडीची तपासणी सरकार करत नाही का?

इथे एक विसंगती आहे आणि ती नगरकरांच्या अगदी दारात आहे. नगर-दौंड रस्त्यावरील संरक्षण मंत्रालयाची व्हीआरडीई ही संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ नुसार नव्या वाहनांची चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक आहे. म्हणजे गाडीचे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी ते काटेकोरपणे पारखण्याची व्यवस्था आहे. मात्र तीच गाडी एमएच-१६ ची पाटी लावून केडगावच्या रस्त्यावर आली, की खासगी वापरासाठी तिची नोंदणी १५ वर्षे वैध असते. तेवढ्या काळात तिच्या यांत्रिक स्थितीची सक्तीची तपासणी होत नाही. पीयूसी केंद्रावर तपासला जातो तो फक्त धूर. व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. खासगी मोटारीला तसे बंधन नाही.

याचा सरळ अर्थ असा, की खासगी गाडीच्या शॉकअपचा एकमेव तपासनीस तिचा मालक आहे. म्हणूनच मालकाने गाडीखाली वाकून पाहणे, पाना हातात घेणे हे हौसेचे नव्हे, तर गरजेचे काम आहे.

मागचे शॉकअप घरी कसे बदलतात?

स्प्रिंग वेगळी असलेल्या गाडीत हे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. पण पहिली अट जागेची. केडगाव परिसरातील काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, जॅक रुततो. काम सिमेंटच्या पक्क्या, सपाट जागेवरच करावे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. गाडीसोबत मिळालेला जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी नेहमी स्टँडवर टेकवावी. विटांचा थर हा स्टँड नव्हे, वीट काही कळायच्या आत फुटते.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून तो किंचित उचलून धरावा. अनेक गाड्यांत ॲक्सल किती खाली लोंबेल यावर शॉकअपच मर्यादा घालतो. आधार न देता दोन्ही शॉकअप एकदम काढले, तर ॲक्सल खाली येतो, स्प्रिंग जागेवरून सुटते आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. म्हणून एका वेळी एकच बाजू. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

नवा शॉकअप बसवण्यापूर्वी तो उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबावा आणि सोडावा, म्हणजे साठवणीत आडवा पडून आत शिरलेली हवा निघून जाते. पॉलिश केलेल्या रॉडला पक्कड लावू नये. त्यावर एक ओरखडा पडला तरी सील फाटून काही महिन्यांत तेल गळू लागते. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर. चाक लोंबकळत असताना आवळला, तर बुश कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. अनेक गॅरेजमध्येही ही काळजी घेतली जात नाही. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा, एक जुना असेल तर गाडी ब्रेक मारताना आणि वळताना दोन्ही बाजूंना वेगळी वागते.

पुढच्या स्ट्रटमध्ये कुठे थांबायचे?

स्ट्रटमधली स्प्रिंग गाडीखालून पूर्ण बाहेर काढल्यावरही दबलेलीच असते. तिला धरून ठेवतो तो रॉडच्या टोकाचा एक नट. स्प्रिंग नीट आवळून न धरता तो सोडला, तर माउंटिंग आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी उडतात. ती समोर कुणाचा चेहरा आहे की हात, हे पाहत नाही. दोरीने, साखळीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून हे काम उरकण्याचे प्रकार होतात. एकदा निभावले म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. बाजारात मिळणारे दोन आकड्यांचे स्वस्त कॉम्प्रेसरही एका बाजूला घसरू शकतात.

त्यात गाडीगणिक रचना बदलते. काही गाड्यांत बोनेट उघडल्यावर दोन-तीन लहान नट आणि मधोमध एक मोठा नट दिसतो. लहान नट स्ट्रटला गाडीशी जोडतात, मोठा नट स्प्रिंगला धरतो. काही गाड्यांत मात्र वर एकच नट असतो. कोणता नट कशाचा, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

मग मधला मार्ग काय? स्ट्रट जसाच्या तसा घरी काढावा आणि भिंतीला पक्का बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्यावा. तिथे स्प्रिंग सोडवून नवा शॉकअप, माउंटिंग, बंपस्टॉप आणि धूळ रोखणारे कव्हर बसवून घ्यावे आणि स्ट्रट परत आणून गाडीला लावावा. गॅरेजमध्ये हे काम थोड्या वेळाचे असते. स्ट्रट काढताना ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये, एबीएसची वायर आधी मोकळी करावी आणि चाकाचा भाग बाहेर ओढू नये, नाही तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा निसटतो. खालचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर खूण करावी. खूण केली तरी काम झाल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. ती टाळली, तर वाचवलेली मजुरी टायरच्या झिजेत जाते.

मग सगळे गॅरेजवरच सोडलेले बरे नाही का?

हा आक्षेप योग्य आहे. ज्याला खात्री नाही, त्याने गॅरेजच गाठावे. वॉरंटीतील गाडीलाही स्वतः हात लावू नये. शिवाय घरी काम केल्याने वाचते ती मजुरी. खर्चाचा मोठा भाग सुट्या भागांचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने त्यात थोडा दिलासा मिळाला, पण नकली मालाचा धोका कायम आहे.

तरीही ‘सामान्य माणसाने गाडीला हातच लावू नये’ हे म्हणणे पटणारे नाही. ज्याने एकदा स्वतः मागचा शॉकअप बदलला, त्याला तेलाचा ओघळ आणि धुळीचा थर यातला फरक कळतो. गॅरेजमध्ये ‘चारही गेलेत’ असे सांगितले, तर ‘दाखवा’ म्हणायची हिंमत त्याच्यात येते. हा फायदा मजुरीपेक्षा मोठा आहे.

खरी अडचण माहितीची

घरच्या मेकॅनिकला सर्वाधिक अडते ते टॉर्कच्या आकड्यांपाशी. कोणता बोल्ट किती आवळायचा, कोणता नट पुन्हा वापरायचा नाही, ही माहिती वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असते आणि मालकाच्या हाती येणाऱ्या पुस्तिकेत ती सहसा नसते. मग अंदाजाने ‘चांगला घट्ट’ आवळला जातो आणि तिथेच अपघाताचे बीज पेरले जाते.

हा वाद नवा नाही. सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना खुली न केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०१२ मध्येच कायदा करून मालक आणि स्वतंत्र गॅरेज यांना दुरुस्तीची माहिती मिळण्याचा मार्ग खुला केला. आपल्याकडे पोर्टलच्या पुढे जाऊन कायद्याचे बंधन हवे. किमान ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांच्या बोल्टचे टॉर्क प्रत्येक मॉडेलसाठी विनामूल्य, आणि मराठीसह भारतीय भाषांत, उपलब्ध करून देणे कंपन्यांना जड नाही.

खासगी गाडीची १५ वर्षे तपासणी करायची नाही आणि मालकाला माहितीही द्यायची नाही, या दोन गोष्टी एकत्र चालू शकत नाहीत. तोपर्यंत मालकाने मागचे शॉकअप घरी बदलावेत, पुढचा स्ट्रट काढून न्यावा, पण दबलेली स्प्रिंग योग्य साधन असलेल्या हातांकडेच सोपवावी.