हप्ता वाढतो, किंमत घटते

घरात मुलगी जन्मली की नातेवाईक ‘मुबारक’ म्हणायला येतात, आणि पाठोपाठ अंगणवाडी सेविका ‘लेक लाडकी’चा अर्ज भरायला सांगते. कांदिवलीत लालजीपाडा, गणेशनगरच्या गल्ल्यांमधून आपल्यापैकी अनेक घरांनी हा अर्ज भरला असेल. भरायलाच हवा. पण त्यातल्या आकड्यांचा हिशेब आपण एकदा नीट मांडून पाहू.

योजना अशी: पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, वार्षिक उत्पन्न एक लाखापर्यंत, आणि मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली. जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १,०१,००० रुपये.

हप्ते दर वेळी हजाराने वाढताना दिसतात. खरेच वाढतात का? महागाई वर्षाला ४ टक्के धरू. केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेला ठरवून दिलेले उद्दिष्टच तेवढे आहे. मुलगी सहा वर्षांची होईल तेव्हा पहिलीच्या ६,००० रुपयांत जन्माच्या वेळच्या सुमारे ४,७४० रुपयांइतकेच सामान येईल. सहावीच्या ७,००० ची किंमत ४,५५० आणि अकरावीच्या ८,००० ची ४,२७० च्या आसपास राहील. म्हणजे कागदावर हप्ता चढतो आणि बाजारात उतरतो. २०४१ मध्ये पहिल्या मुलींच्या हातात येणारे ७५,००० म्हणजे २०२३ चे जेमतेम ३७,००० रुपये. महागाई ६ टक्के राहिली तर २६,००० च.

हे नवीन नाही. अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली. घरी राहून शिकणाऱ्या पहिली ते पाचवीच्या मुलाला महिना १०० रुपये, दहा महिन्यांचे १,०००. वह्या, दप्तर, बूट, रिक्षाभाडे, सगळे महागले. हे १,००० तसेच राहिले. अखेर २०२२ मध्ये पहिली ते आठवीसाठी ती शिष्यवृत्तीच बंद झाली. तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण त्याआधीची चौदा वर्षे ती दरवर्षी थोडी थोडी कमी होत होती, त्याबद्दल कुणी बोलले नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेचेही तसेच. त्या शिष्यवृत्तीलाही मर्यादा एक लाखाचीच होती. आज रोज ३०० रुपये कमावणारा माणूस महिन्यात २८ दिवस कामावर गेला, तर वर्षाला १,००,८०० रुपये होतात आणि तो मर्यादेबाहेर जातो. मजुरी महागाईमागे धावत वाढते, मर्यादा जागची हलत नाही, आणि कालचा गरीब आज कागदोपत्री सुखवस्तू ठरतो.

सरकारला महागाईचा हिशेब येत नाही असे नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मुलाच्या शिक्षणासाठी महिना २,२५० रुपये भत्ता मिळत असे. महागाई भत्ता ५० टक्के झाला की हा भत्ता २५ टक्क्यांनी वाढावा, असा नियमच आहे. त्यानुसार १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. कुणाला मोर्चा काढावा लागला नाही. इकडे महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अनाथ किंवा एक पालक गमावलेल्या मुलासाठी २०२३ मध्ये रक्कम ठरली तीही महिना २,२५० च. पण तिला अशी शिडी जोडलेली नाही. सरकारच्या मनात येईल तेव्हाच ती वाढणार. कर्मचाऱ्याच्या मुलाला मिळते ते योग्यच आहे. यतीम मुलाची वही मात्र त्याच दुकानातून येते.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली घरातली: हप्ता आला की तो त्याच वर्षी मुलीच्या शिक्षणावर लावावा. व्याज टाळणाऱ्या घरांत पैसा नुसता पडून राहिला तर महागाई तो खाऊन टाकते. आणि अठराव्या वर्षीच्या ७५,००० वर तिच्या कॉलेजचे सगळे बेत बांधू नयेत.

दुसरी गोष्ट बाहेरची. आमदार मते मागायला गल्लीत येतील तेव्हा ‘रक्कम वाढवा’ एवढेच म्हणू नये. ‘रक्कम आणि उत्पन्नमर्यादा दोन्ही महागाईच्या निर्देशांकाला जोडा’ असे म्हणावे. एकदा वाढवलेली रक्कम पुन्हा झिजते. नियम झाला तर दरवर्षी हात पसरावा लागत नाही.