भटांची गुणपत्रिका

अकोल्यात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या शिकवणीसाठी बुलडाणा, वाशीमकडूनही पोरं येतात. ७२० गुणांच्या त्या परीक्षेत उत्तर चुकलं की मिळणारे चार गुण तर जातातच, वर एक कापलाही जातो. हा हिशेब उत्तरपत्रिकेपुरता ठीक. पोरं मात्र तोच स्वतःला लावतात, आणि घरचे त्यात भर घालतात.

शेजारच्या अमरावतीच्या गझलकार सुरेश भटांची गुणपत्रिका या पोरांना कुणी दाखवत नाही. १९३२ साली जन्मलेल्या भटांचा एक पाय लहानपणीच पोलिओने अधू झाला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ते दोनदा नापास झाले. पदवी हाती आली १९५५ मध्ये. पहिला संग्रह ‘रूपगंधा’ १९६१ चा, ‘रंग माझा वेगळा’ थेट १९७४ चा. घाई कुणाला होती?

म्हणून भट ‘चालते न बाप्पा’ म्हणून सोडून देणारे होते, असं कुणी समजू नये. गझलेच्या तंत्राबाबत ते काटेकोर. नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी वृत्त, काफिया, रदीफ समजावून सांगितले. कसोटी ओळीला होती. ओळ फसली तर पुन्हा लिहिता येते, त्यापायी कवी रद्द होत नाही. सर्वगुणसंपन्नतेच्या ध्यासात नेमका हाच फरक पुसला जातो.

शिकवणी वर्गांनी गुणवंतांचे फलक खुशाल लावावेत. पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पास झालेल्यांनाही एकदा वर्गात बोलवावं, आणि त्या दिवशी पालकांना पहिल्या रांगेत बसवावं.