बिनव्याजी म्हणजे बिनहिशेबी नव्हे

नगर जिल्ह्यातील आम्ही कापडवाले, शिंपी, सुतार ईद-दिवाळीच्या मालासाठी भांडवल शोधत असतो. व्याज हराम, हे सर्वच जाणतो. म्हणून ‘बिनव्याजी’ पाटी दिसली की आम्ही पुढचे काही विचारत नाही. बेंगळूरच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरीने हलाल नफ्याच्या नावावर पैसे घेतले. 2019 मध्ये ती बुडाली आणि हजारो कुटुंबांची पुंजी अडकली.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये बिनव्याजी कर्ज सुरू केले. पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. तेव्हा आमच्या हाती मुख्यतः पतसंस्थाच उरतात, आणि त्यांच्या ठेवींना बँकांप्रमाणे 5 लाखांचा सरकारी ठेवविमा नाही.

म्हणून व्यापारी बांधवांनी आधी विचारावे: सेवाशुल्क कसे ठरते? प्रत्यक्ष खर्चापुरते असेल तर ठीक. रक्कम आणि मुदतीनुसार टक्क्याने वाढत असेल तर ते व्याजच, नाव तेवढे वेगळे. पैसे भरताच पावती मिळते का? लेखापरीक्षण अहवाल दाखवतात का? ठेव वेळेवर परत मिळते का?

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. चोख हिशेब हाही दीनचाच भाग होय. कर्जदारांनीही हप्ता वेळेवर भरावा. बिनव्याजी कर्ज थकले की पुढच्या गरजू कारागिराचे काम अडते.